मशीन पडद्यामागं, मंत्र पडद्यावर

आजचा विषय जरा किळसवाणा आहे. जेवताना ऐकत असाल तर पॉज करा.

माणसाचं शरीर डोळ्यांदेखत बदलतं, सडतं, दुसऱ्याच कशाचं तरी होतं, अशा पिक्चरला 'बॉडी हॉरर' म्हणतात. डेव्हिड क्रोननबर्गचा 1986 चा 'द फ्लाय' घ्या. शास्त्रज्ञ स्वतःला एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये पाठवतो. आत चुकून माशी शिरलेली असते. कॉम्प्युटर दोघांना एकत्र करून टाकतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणू, इनपुट तपासलंच नाही! मग त्याची नखं, दात, कान गळायला लागतात.

मराठीत असं काय? तात्या विंचू की! महेश कोठारे यांचा 'झपाटलेला', 1993. गोळी लागलेला गुंड मृत्युंजय मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. कल्पना 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले'ची, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण नीट बघा, तात्याचं दुखणं शरीराचंच आहे. बाहुल्यात अडकलाय, माणसाचा देह पाहिजे, म्हणून लक्ष्याच्या मागं लागलाय. 'द फ्लाय'मध्ये देह बदलतं मशीन, इथं मंत्र. आपलं तंत्रज्ञान होतं ते पडद्यामागं, रामदास पाध्यांनी घडवलेल्या त्या बाहुल्यात. 2018 च्या हिंदी 'तुंबाड'मध्ये म्हातारीच्या अंगातून झाड उगवतं, तेही शापानंच.

ही सवय जुनी आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये कॅमेरा स्वतः जुळवला, दामले सोबतीला होते. त्याच कॅमेऱ्यानं 1920 चा 'सैरंध्री' निघाला. भीम कीचकाला मारतो तो सीन लोकांना इतका खरा वाटला की शेवटी कापावा लागला. आमच्या राणीसावरगावात रेणुकादेवीचं देऊळ आहे. परशुरामानं आईचं डोकं उडवलं, ही गोष्ट इथली पोरं सहज ऐकतात. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं!

मग मशीनची भीती आपल्या पडद्यावर का येत नाही? लेखक नव्हते असं नाही, नारळीकर 1974 पासून विज्ञानकथा लिहीत होते. पैसा नव्हता म्हणावं, तर पेंटरांकडं तरी कुठं होता? मला वाटतं, पिक्चर काढणाऱ्यांनी गावाकडची भीती म्हणजे मांत्रिक, एवढंच धरून ठेवलं. इथं मळणी यंत्रात हात गेलेला माणूस कुणीतरी पाहिलेलाच असतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या 2019 मध्ये देशभर गाजल्या. पाळीमुळं खाडा पडू नये, उचल फिटावी, म्हणून शरीरातला एक भागच काढून टाकायचा. कोयता चालू राहावा म्हणून देह बदलायचा, यात मंत्र कुठंय?

यावर कुणी हॉरर काढला तर परभणीला जाऊन पहिला शो बघणार. तुमच्या डोक्यात अशी गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.