काटा चुकवणारी वाट : नागझिऱ्याच्या रस्त्यावरचा एक जुना प्रश्न

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, साकोली मागे टाकून देवरीकडे सरकतो, तेव्हा त्याच्या उत्तरेला नागझिऱ्याचे जंगल असते आणि दक्षिणेला नवेगावबांधचे. पुढे देवरी तालुक्यातील शिरपूरजवळ छत्तीसगडची सीमा लागते. याच सीमेवर मालवाहू गाड्यांची कागदपत्रे आणि वजन पाहण्यासाठी तपासणी नाका उभा राहिला. त्याआधी, कोहमाऱ्याला, एक फाटा फुटतो. गोरेगावमार्गे गोंदियाला जाणारा हा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून जातो, आणि गोंदियाहून आमगाव-सालेकसाच्या बाजूने छत्तीसगड गाठता येते. आता प्रश्न असा : महामार्गावरच्या ट्रकचालकाने वजनकाटा टाळण्यासाठी कोहमाऱ्याला गाडी वळवली, तर त्याने गुन्हा केला काय?

प्रश्न आजचा वाटतो. पण तो ट्रकपेक्षा किमान दोन हजार वर्षांनी जुना आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. नगरद्वाराजवळ शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि येणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव, गाव, माल यांची नोंद व्हावी, अशी तिथली व्यवस्था. शुल्क न देता जो त्या ध्वजाच्या पलीकडे जाईल, त्याला शुल्काच्या आठपट दंड सांगितला आहे. व्यापाऱ्याने मालाचे परिमाण कमी सांगितले, तर सांगितलेल्यापेक्षा जास्त निघालेला माल राजाने ताब्यात घ्यावा, असेही तिथे म्हटले आहे. खरी गंमत त्या दंडापाठोपाठच्या सूचनेत आहे. असे चुकार व्यापारी हुडकण्यासाठी वाटेने जाणाऱ्या आणि आडवाटेने जाणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या हेरांची योजना सुचवली आहे. नाका उभारला की त्याच्या शेजारून आडवाट पडणारच, हे त्या ग्रंथकाराने गृहीतच धरले होते.

महाराष्ट्रात याच संदर्भात नाणेघाटातला दगडी रांजण दाखवला जातो. तो जकातीच्या नाण्यांसाठी होता, ही लोकपरंपरा. त्यावर तसे सांगणारा लेख कोरलेला नाही, एवढे भान ठेवावे. त्यापेक्षा भक्कम उदाहरण शिवकाळातले आहे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीविषयी पत्र पाठवले. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशचे मीठ स्वस्त पडले, तर व्यापारी संगमेश्वरकडे यायचे सोडून तिकडेच वळतील, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्या पत्राचा आशय. वाट बदलणाऱ्या व्यापाऱ्यावर तिथे राग धरलेला नाही. व्यापारी स्वस्त वाटेने जाणार हे मान्य करून त्या वाटेचाच हिशेब बदलण्याची ती युक्ती होती. शिक्षेऐवजी दर वापरून वाहतूक वळवण्याचे इतके स्वच्छ उदाहरण त्या काळात विरळाच.

इंग्रजांनी नेमका उलटा मार्ग धरला. आडवाटाच बंद करायच्या! मिठावरचा कर चुकू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी देशाच्या पोटातून एक जकातरेषा ओढली. सिंधूपासून निघून ती मध्य प्रांतातून महानदीपर्यंत पोहोचली. लांबी सुमारे २,३०० मैल. तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहाऱ्याला होती. मोठ्या भागात ही रेषा म्हणजे काटेरी झाडांचे प्रचंड कुंपण होते, आणि त्या कुंपणाचे दक्षिण टोक खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरजवळ येत असे. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात या जकात खात्याचे आयुक्त होते. १८७९ मध्ये ही रेषा मोडीत निघाली. मिठावरचा कर मात्र राहिला. तो नाक्यावर न घेता उत्पादनाच्या जागीच वसूल होऊ लागला.

त्या वेळी आजचा गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता (तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला), आणि भंडारा मध्य प्रांतात. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला इंग्रज ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणत. रायपूर-दुर्गकडे आजही ‘जी. ई. रोड’ हे नाव ऐकू येते. आजचा महामार्ग ५३, म्हणजे कालचा महामार्ग ६, या पट्ट्यात बव्हंशी त्याचाच वारस. त्याच्यावरून आधी बंजाऱ्यांचे तांडे आणि बैलगाड्या गेल्या. बैलाच्या पाठीवर किती लादायचे याची मर्यादा बैलच ठरवत असे. मोटार आली आणि ही नैसर्गिक मर्यादा संपली. इंजिन तक्रार करत नाही. टायर फुटतो किंवा कमान तुटते, तेव्हाच कळते.

इथे नाक्याचा अर्थच बदलला, आणि हा बदल ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा कायदा उलगडत नाही. जुना नाका मालाची किंमत पाहून राजाचा वाटा घेत असे. वजनकाटा रस्त्याचे आयुष्य राखण्यासाठी असतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक अहोरात्र फिरवून प्रयोग झाले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर नुकसान सोळा पट. ज्या आसाला १०.२ टनांची मुभा आहे त्याच्यावर १५ टन आले, तर भार वाढतो दीडपटीहून थोडा कमी आणि झीज होते जवळपास पावणेपाच पट. एखादा रस्ता दर पावसाळ्यात का उखडतो याचे उत्तर बरेचदा डांबरात नसून या गुणाकारात असते. जास्त वजनाच्या गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला अधिक अंतर लागते, ही बाब वेगळीच. जंगलातल्या रस्त्यावर तिचे मोल अधिक. ऑगस्ट २०२३ मध्ये याच मुरदोलीच्या रस्त्यावर एका तरुण नर वाघाला मोटारीची धडक बसली आणि तो गेला. ती धडक ट्रकची नव्हती, साध्या कारची होती.

भारतात वजनाचा आजचा कायदा म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा. त्याचे कलम ११३ वजनाच्या मर्यादेपलीकडे गाडी चालवायला मनाई करते. कलम ११४ अधिकाऱ्याला गाडी वजनाला नेण्याचा हुकूम देण्याची मुभा देते. पण दोन अटींसह. पहिली अट, गाडी जास्त भरली आहे असे मानायला त्याच्याकडे कारण हवे. दुसरी, काटा पुढच्या मार्गावर दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत हवा. कायद्याच्या शब्दांत तिथे ‘असल्यास’ अशी पुस्ती आहे. काटा असल्यास! विधिमंडळात बसलेल्यांना देशातल्या रस्त्यांची चांगली ओळख असावी.

म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर थरांनी बनलेले आहे. कोणी अडवले नसताना, वाट खुली असताना, चालकाने दुसरा रस्ता धरला, तर या केंद्रीय कायद्यात केवळ तेवढ्यासाठी वेगळा गुन्हा नाही. मात्र शासनाने कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी घातली असेल, तर तिथे शिरणे हाच भंग. अधिकाऱ्याने वजनाचा हुकूम दिल्यावर न थांबणे हा कलम १९४ च्या दुसऱ्या पोटकलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि वजनापूर्वी थोडा माल वाटेत उतरवून टाकणे हाही त्यातच मोडतो. आणि सर्वांत खाली हा थर : गाडी मर्यादेपेक्षा जड असेल, तर ती महामार्गावर असो की गावरस्त्यावर, गुन्हा झालेलाच आहे. वाट बदलल्याने तो पुसला जात नाही. फक्त सापडण्याचा संभव कमी होतो. नागझिऱ्याच्या आत शिरणाऱ्या वाटांचा तर प्रश्नच येत नाही. १९७० पासून ते अभयारण्य आहे, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार तिथला प्रवेशच नियंत्रित आहे.

आता दंडाचे आकडे पाहा, कारण खरा इतिहास तिथे दडला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने जास्त भाराला किमान २,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे १,००० रुपये दंड ठरवला. वजनाला नकार देणाऱ्याला मात्र कमाल ३,००० रुपये. गणित सोपे आहे. एक टन जास्त असलेल्याचा दंड ३,०००, नकाराचाही ३,०००. पाच टन जास्त असलेल्याला काट्यावर ७,००० भरावे लागत आणि न थांबल्यास फार तर ३,०००. काटा चुकवणे, निदान कागदावर, कायद्यानेच स्वस्त करून ठेवले होते! ही स्थिती पंचवीस वर्षे टिकली. कौटिल्याने मात्र ध्वज ओलांडणाऱ्याचा दंड मूळ शुल्कालाच बांधला होता. माल जितका मोठा, तितका दंड मोठा. आधुनिक मसुदाकारांनी एक आकडा रुपयांत लिहून टाकला.

याच काळात काही राज्यांनी आणखी मजल मारली. आधीच पैसे भरून जादा भाराची मुभा देणारी कार्डे निघाली. तडजोड शुल्क घ्यायचे आणि गाडी त्याच भारासह पुढे सोडायची, असा परिपाठ पडला. दंड न राहता ते भाडे झाले. ९ नोव्हेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हे बेकायदा ठरवले. दंडाची तडजोड होऊ शकते, पण तडजोड म्हणजे पुढे जाण्याचा परवाना नव्हे; जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलता कामा नये, असा त्या निकालाचा गाभा आहे.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने मर्यादाच वाढवली. चार टायरांच्या एकेरी आसाला १०.२ ऐवजी ११.५ टन, आणि दोन आसांच्या ट्रकला एकूण १६.२ ऐवजी १८.५ टन. चौथ्या घाताचा हिशेब लावला तर १०.२ वरून ११.५ म्हणजे झिजेत सुमारे साठ टक्के वाढ. काल जो जास्त भार होता तो आज कायदेशीर झाला. मालवाहतूकदारांना दिलासा मिळाला, रस्त्याला मिळाला नाही. शिवाय नव्या मर्यादेवरही जास्त भरणारे भरतच राहिले.

१ सप्टेंबर २०१९ पासून नवे दर आले : २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,०००. नकाराला ४०,०००. पुन्हा तेच गणित करून पाहावे. दहा टन जादा असल्यास काट्यावरचा दंड बरोबर ४०,००० होतो. दहा टनांपर्यंत आता काट्यावर जाणे परवडते. त्यापुढे जुनी विसंगती परतते. अर्थात नकार दिलेली गाडी नंतर पकडून तोलली गेली, तर दोन्ही दंड लागू शकतात.

या सगळ्यात काट्यावर उभा असतो तो चालक. गाडीत किती भरायचे हे बहुधा तो ठरवत नाही. माल भरणारा ठरवतो, मालक ठरवतो, आणि फेरीमागे मिळणारे भाडे ठरवते. कायद्याला हे अगदीच ठाऊक नाही असे नाही. कलम ११३ म्हणते की चालक हा मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. ‘शकते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रात्री दोन वाजता नाक्यावर गाडी बाजूला घेतली जाते, तेव्हा न्यायालय तिथे नसते, मालकही नसतो. जादा पोती उतरवायची तर हमाल कुठून आणायचे, उतरवलेल्या मालाची राखण कोणी करायची, हे प्रश्न चालक आणि क्लीनर या दोघांचे. तो माल चालकाच्या जोखमीवर उतरवायचा, असेच कायदा सांगतो.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरची करतपासणी संपली. त्यासाठी तासन्‌तास लागणाऱ्या रांगाही. महाराष्ट्राच्या सीमांवर आखलेली बावीस तपासणी नाकी परिवहन खात्याच्या कामापुरती उरली; वजन हे त्यातले मुख्य. २०२५ मध्ये राज्य शासनाने तीही बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तोलण्याचे काम आता टोलनाक्यावरील चालत्या गाडीचे वजन घेणाऱ्या पट्ट्यांकडे आणि फिरत्या पथकांकडे सरकत आहे. कोहमाऱ्याचा फाटा आहे तिथेच आहे, आणि अर्थशास्त्रातल्या आडवाटेच्या हेरांप्रमाणे पथकालाही आता दोन्ही रस्त्यांवर फिरावे लागेल.