कापसापासून कापडापर्यंत : बाणांचे गणित

१९३६ साली दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. त्याच वर्षी जर्मनीत, लाइपझिग येथे, देनेश केनिग या हंगेरियन गणितज्ञाचे आलेखांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. या विषयावरचे ते पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते.

येथे आलेख म्हणजे आपण क्ष आणि य अक्षांवर काढतो तो नव्हे. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढेच. १७३६ साली ऑयलरने केनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवले, तिथून या विषयाची सुरुवात धरतात. पुलावरून दोन्हीकडून जाता येते, म्हणून त्या कोड्यात दिशेचा प्रश्न नव्हता. पण ‘हे आधी, ते नंतर’ असे सांगायचे असेल तर नुसती रेषा पुरत नाही. बाण काढावा लागतो. असा आलेख म्हणजे दिशायुक्त आलेख. केनिगने त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. मुलांनी हस्तोद्योगातून भाषा, गणित, विज्ञान शिकावे अशी योजना मांडली गेली. झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. त्यात सूतकताई आणि विणकाम होते. शाळांचे कारखाने होतील, अशी टीका झाली. उद्योग यांत्रिकपणे शिकवायचा नाही, असे समितीचेही म्हणणे होते. मग यांत्रिक काम आणि शिक्षण यांतला फरक कुठे असतो?

वर्ध्याच्याच कापसाकडे पाहू. कापूस वेचणे, सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, सूत कातणे, ताणा तयार करणे, बाण्याच्या कांड्या भरणे, विणणे. हे आठ बिंदू. जे काम झाल्याशिवाय पुढचे सुरूच होत नाही, तिथून पुढच्या कामाकडे बाण काढा. कातण्यापासून दोन बाण निघतील : एक ताण्याकडे, एक कांड्यांकडे. विणण्याकडे दोन बाण येतील. एकूण बाण आठ.

आता प्रत्येक बिंदूत येणारे बाण मोजा आणि बेरीज करा : आठ. निघणारे मोजा : तेही आठ. हा योगायोग नव्हे. प्रत्येक बाण एका ठिकाणाहून निघतो आणि एकाच ठिकाणी पोचतो, म्हणून दोन्ही बेरजा कोणत्याही दिशायुक्त आलेखात सारख्याच येतात.

ही कामे एकापाठोपाठ एक किती क्रमांनी करता येतील? फक्त दोन. ताणा आधी की कांड्या आधी, एवढेच आपल्या हातात आहे. बाकीचा क्रम बाणांनी बांधलेला आहे.

समजा, फिरून मूळ बिंदूपाशी येणारे चक्र आलेखात असले, तर? त्यातले प्रत्येक काम दुसऱ्यासाठी अडून राहील. उलट, चक्र नसेल तर क्रम नक्की लागतो. कोणत्याही बिंदूपासून बाणांच्या उलट दिशेने चालत जा. बिंदू मोजकेच आहेत आणि चक्र नाही, म्हणून कुठेतरी थांबावेच लागेल. तिथे एकही बाण येत नाही. ते काम पहिले. ते पुसून टाका आणि पुन्हा तसेच करा.

मग सरकी पुन्हा पेरतात, ते चक्र नव्हे का? वर्गात हा प्रश्न कोणीतरी काढेलच. काढू द्या. ती पेरणी पुढच्या वर्षीची असते, म्हणजे बिंदू नवा!

१९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाने प्रचंड प्रकल्पांचे वेळापत्रक आखायला असेच बाण वापरले. शेगावच्या चरख्यामागेही तेच गणित होते, फक्त कोणी त्याचे नाव घेतले नव्हते. सूत किती निघाले हे मोजले तर तो कारखाना. कोणते काम कशासाठी अडते आणि कुठे निवड करता येते, हे मुलाने स्वतः शोधले तर ती शाळा.