जेऊरचे ग्रहण आणि सूर्यावरचे रुबिडियम

दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की भिगवणच्या पुढे जेऊर हे लहानसे स्टेशन लागते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी येथे दोन पथकांनी तळ दिला होता. एक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे, तर दुसरे अमेरिकेच्या लिक वेधशाळेतील विल्यम कॅम्पबेल यांचे. कोकणात विजयदुर्गला इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर होते. आयनीभवन ऊर्जा शिकवताना हे ग्रहण आठवावे, याला कारण आहे.

सूर्यबिंब झाकले गेले, की कडेला वर्णगोलाचा तांबूस थर क्षणभर दिसतो. त्याच्या वर्णपटात एक कोडे होते. कॅल्शियमचा अणू हायड्रोजनच्या चाळीसपट जड. तरी त्याच्या दोन जांभळ्या रेषा वर्णगोलात फार उंचापर्यंत आढळत. शिवाय या रेषा प्रयोगशाळेत विजेच्या प्रखर ठिणगीत विशेष ठळक होत. लॉकियर म्हणत, की प्रचंड उष्णतेने कॅल्शियमचा अणूच फुटतो. पण अणू फुटतो, हे त्या काळी बहुतेकांना पटणारे नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम वर्ष होत होते.

उत्तर मिळाले १९२० मध्ये, कलकत्त्याच्या मेघनाद साहांकडून. अणूतून इलेक्ट्रॉन सुटणे ही साहांनी एक रासायनिक विघटनाची क्रिया मानली आणि तिला लागणारी ऊर्जा म्हणून आयनीभवन ऊर्जा घेतली. तापमान वाढले की आयन वाढतात; दाब कमी झाला तरीही वाढतात, कारण सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा आयन भेटण्याची शक्यता घटते. वर्णगोलात वरती दाब अगदी कमी असतो. त्यामुळे तेथील कॅल्शियम आयनरूपात असते आणि त्या दोन रेषा या आयनाच्याच आहेत. अणू फुटतो हे लॉकियर यांचे म्हणणे एका अर्थी खरे ठरले; सुटणारा तुकडा इलेक्ट्रॉन होता.

आता अल्क धातूंचा गण पाहू. आयनीभवन ऊर्जा सोडियमची ५.१४, पोटॅशियमची ४.३४, रुबिडियमची ४.१८ आणि सीझियमची ३.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. गणात खाली जाताना बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो, आतल्या कवचांची आड वाढते आणि तो सहज सुटतो. सूर्याच्या वर्णपटात सोडियम ठळक दिसतो. रुबिडियम आणि सीझियम मात्र सापडत नव्हते. मग ते सूर्यावर नाहीतच का?

साहांनी सांगितले, की आहेत. पण त्यांचे इलेक्ट्रॉन सुटलेले आहेत. रुबिडियमच्या आयनाची रचना क्रिप्टॉनसारखी असते. त्याच्या मुख्य रेषा दूरच्या अतिनील भागात पडतात, म्हणून दिसत नाहीत. सूर्यावरील डाग मात्र भोवतालापेक्षा थंड असतात. तेथे काही अणू शाबूत राहतील, तेव्हा रुबिडियम डागांत शोधावे. पुढे थोड्याच काळात हेन्री नॉरिस रसेल यांना डागांच्या वर्णपटात ते सापडले.

'गणात खाली जाताना आयनीभवन ऊर्जा कमी होते, कारण द्या' हा प्रश्न आपण दरवर्षी घालतो आणि मुले पाठ केलेले कारण लिहितात. शिरूर-दौंडच्या शिक्षकांनी एकदा वर्गात जेऊरची गोष्ट सांगून असे विचारून पाहावे: रुबिडियम सूर्यावर असूनही दिसत का नव्हते? कारण तेच द्यावे लागेल, पण ते मुलांना स्वतः शोधावे लागेल.