डोकेदुखीच्या आधीचे तीन आठवडे

पुण्यातल्या एचआयव्हीच्या इतिहासात औषधांइतकंच वजन आहे ते लक्षणं दिसण्याआधी शोध घेण्याला. 1992 मध्ये भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू झाली आणि शहरातल्या गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्यांचं रक्त तपासलं जाऊ लागलं. 1997 मध्ये रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनी भल्याभल्यांची समजूत मोडली: या चिकित्सालयांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के जणींना लागण होती. यांतल्या बहुसंख्य स्त्रियांचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला. ‘यांना कसला धोका?’ म्हणून त्यांना वगळलं असतं, तर हे कधी कळलंच नसतं.

मेंदूज्वर घडवणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीच्या बाबतीत मात्र वैद्यक बराच काळ डोकेदुखीची वाट पाहत बसलं. ही बुरशी मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असते, श्वासावाटे शरीरात जाते. (सगळं खापर कबुतरांवर फोडू नये, धडधाकट माणसाचं ती सहसा काही बिघडवत नाही.) पण एचआयव्हीमुळे सीडी4 पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा कणा असलेल्या पांढऱ्या पेशी, 200 च्या आणि विशेषतः 100 च्या खाली घसरल्या, की ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. मग पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं, थेंबभर काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. काळ्याशार पार्श्वभूमीवर गोल पेशीभोवती लखलखीत कडं दिसलं, की निदान पक्कं. पण तोवर रोग मेंदूत शिरलेला असतो. युगांडातल्या 2002 च्या अभ्यासात या बुरशीचं प्रतिजन निम्म्या रुग्णांच्या रक्तात लक्षणांच्या 22 दिवस किंवा त्याहूनही आधी आढळलं होतं. 2011 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली चाचणीची पट्टी तेच दहा मिनिटांत दाखवते.

आक्षेप असा, की भारतात 2004 पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारा औषधोपचार, सरकारी केंद्रांत मोफत आहे, 2017 पासून तर सीडी4 कितीही असो, उपचार मिळतात. मग ही वेगळी तपासणी कशाला? वरवर बिनतोड वाटतं. पण गोळ्यांनी प्रतिकारशक्ती हळूहळू सावरते, बुरशी तोवर थांबत नाही. शिवाय मेंदूज्वर झालेल्यांत एआरटी घाईने सुरू केल्यास मृत्यू वाढतात, हे 2014 च्या आफ्रिकेतल्या चाचणीत दिसलं. म्हणून पट्टी आधी. खर्चाचं म्हणाल, तर पट्टीत बुरशी आढळल्यावर द्यायच्या फ्लुकोनाझोलच्या गोळ्या स्वस्त आहेत. महाग पडतो तो मेंदूज्वर झाल्यावरचा, इस्पितळातला अँफोटेरिसिनचा उपचार. टांझानिया आणि झांबियात ही तपासणी आणि घरी जाऊन दिलेला आधार यांच्या जोडीने मृत्यू 28 टक्क्यांनी घटले. नुसत्या पट्टीचं हे श्रेय नव्हे, हेही मान्य करायला हवं.

खरी अडचण निराळीच आहे. उपचार सुरू करायला सीडी4 ची अट उरली नाही, तसं ते मोजण्याची निकडही ओसरली. आणि ते मोजल्याशिवाय पट्टी कुणासाठी काढायची हे कळत नाही. म्हणून नव्याने आलेल्या आणि औषधं सोडून परतलेल्या प्रत्येकाचा सीडी4 पहिल्याच भेटीत मोजा, आणि तो 200 च्या खाली निघाला तर पट्टी त्याच दिवशी लावा.