वडगावचा तह : जाब आणि खापर

वसई तालुक्यात, विरारच्या पूर्वेस, चंदनसार हे स्थान आहे. तेथून वडगाव मावळ बरेच दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. तथापि 1779 साली वडगावी जे घडले त्याचे एक मूळ ह्याच वसईच्या मुलखात शोधावे लागते. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यापासून साष्टी व वसई मराठ्यांकडे होती, आणि मुंबईच्या इंग्रजांस ती हवी होती. 1775 च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावाने ती देऊ केली. पुढील युद्धात मुंबईकरांच्या एका फौजेची जी दाणादाण उडाली, तिचा दोष कोणावर व कसा ठेवण्यात आला, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारात घ्यावयाचा आहे.

रघुनाथरावास पुण्यास नेऊन बसविण्याचा निर्णय गव्हर्नर विल्यम हॉर्नबी व त्याच्या कौन्सिलाचा होता. 1778 च्या अखेरीस सुमारे 3,900 लोकांची फौज निघाली. तिचे नेतृत्व एका सेनापतीकडे न देता कार्नाक, कर्नल एगर्टन व मॉस्टिन ह्या तिघांच्या समितीकडे सोपविण्यात आले. मुलकी व लष्करी अधिकाराची अशी सरमिसळ झाल्यावर भांडणे अटळच होती. कार्नाकास लष्करी मानवंदना द्यावयाची की नाही, ह्यावरही वाद झाला. मॉस्टिन आजारी पडून 1 जानेवारी 1779 रोजी वारला; एगर्टनही आजारी पडला व फौजेचे आधिपत्य कर्नल कॉकबर्नकडे आले. सामानाने भरलेल्या हजारो बैलांसह फौज घाटमाथ्यावरून अत्यंत मंद गतीने सरकत होती. मराठ्यांना तयारीस अवधी मिळाला. त्यांनी पुढील मुलूख उजाड केला.

9 जानेवारीस फौज तळेगावी पोहोचली, तेव्हा पुणे अवघे अठरा मैल उरले होते. परंतु 11 च्या रात्री माघारीचा निर्णय झाला. जड तोफा तळ्यात टाकण्यात आल्या, सामान जाळण्यात आले. पिछाडी कॅप्टन हार्टलीने सांभाळली. वडगावी कोंडी झाल्यावरही माघार चालू ठेवावी असे हार्टलीचे मत होते. ते मानले गेले नाही. जानेवारीच्या मध्यास तह झाला. त्यान्वये 1773 नंतर मिळविलेला मुलूख, साष्टीसह, परत द्यावयाचा होता.

मुंबईच्या कौन्सिलाने तह नाकारला : समितीस तो करण्याचा अधिकार नव्हता, असे तिचे म्हणणे. पुढे लंडनच्या डायरेक्टरांनी कार्नाक, एगर्टन व कॉकबर्न ह्यांना कंपनीच्या नोकरीतून काढून टाकले. शिक्षा निराधार होती असे मुळीच नव्हे. तिघांच्याही चुका उघड आहेत. लक्षात घ्यावयाचे ते शिक्षेच्या मर्यादेकडे. मोहीम ठरविणारा व समिती नेमणारा हॉर्नबी 1784 पर्यंत गव्हर्नर राहिला. आणि ज्या डायरेक्टरांनी निकाल दिला, त्यांनीच सुरतेच्या तहास आधी पसंती कळविली होती. सारांश, मोहिमेपूर्वी अधिकार अनेकांत विभागला होता. पराभवानंतर दोष मात्र मोजक्यांच्या ठायी एकवटला.

ह्या ठिकाणी मराठीतील दोन प्रयोगांतील भेद उद्बोधक ठरतो. ‘जबाबदार’ हा शब्द अरबी ‘जवाब’ आणि फार्सी ‘दार’ ह्यांपासून बनलेला : ज्याच्यापाशी उत्तर आहे तो. त्यास प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. ‘खापर फोडणे’ ह्यास मात्र केवळ एक डोके पुरते. खापर फुटले की चौकशी संपली. डायरेक्टरांनी तिघांना दंड केला, पण तिघांचा जाब वरपर्यंत जाऊ दिला नाही. हा दोष इंग्रजांपुरता आहे असेही नाही. 1761 नंतर पानिपतचे खापर कधी सदाशिवरावभाऊंवर, तर कधी मल्हारराव होळकरांवर आपणही फोडत आलो, आणि उत्तरेतील मोहिमांच्या खर्चाचा व रसदेचा प्रश्न मागे पडला.

वसईची कथा येथेच संपत नाही. डिसेंबर 1780 मध्ये गॉडर्डने वसई घेतली. त्याच सुमारास दुगाडच्या लढाईत, आता लेफ्टनंट कर्नल झालेल्या हार्टलीसमोर, रामचंद्र गणेश पडले. 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांकडे परत आली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. म्हणजे ज्या दोन ठिकाणांसाठी युद्ध मांडले, त्यांपैकी एक अखेर हातचे गेलेच.

कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मराठीत ‘इष्टुर फाकडा’ म्हणून राहिला. आरंभीच्या जोडाक्षरापुढे ‘इ’ येऊन परके नाव येथल्या जिभेवर रुळले. शत्रूच्या शौर्यास लोकांनी दिलेला हा मान होय. त्या माघारीत पडलेल्या कंपनीच्या देशी शिपायांना असे नाव लाभले नाही. दोषाचा हिशेब पुरा झाला की नाही हे ठरविताना बडतर्फांची संख्या मोजून भागणार नाही. त्या शिपायांना माघारीपर्यंत कोणत्या निर्णयांनी आणले, हा प्रश्न शेवटपर्यंत विचारला गेला काय, हे पाहिले पाहिजे. वडगावपुरते उत्तर नकारार्थी आहे.