बटणवाल्याची काच

१७१७ साली हायडलबर्गकडचा एक २१ वर्षांचा जर्मन मुलगा फिलाडेल्फियाला येऊन उतरला. कास्पर विस्टार. पितळी बटणं बनवून त्याने पैसा केला आणि १७३९ मध्ये शेजारच्या न्यू जर्सीत काचेची भट्टी घातली. गंमत म्हणजे काच बनवणं त्याला येतच नव्हतं! त्याने चार जर्मन कारागीर बोलावले. अट अशी, की ही विद्या फक्त कास्पर आणि त्याचा मुलगा रिचर्ड यांनाच शिकवायची. बदल्यात नफ्याचा तिसरा हिस्सा. (आमच्या करारांत गुप्ततेचं कलम असतं, हिस्सा नसतो.)

१७५२ मध्ये कास्पर वारला, भट्टी रिचर्डकडे आली. पण वसाहतींनी तयार माल आपल्याकडूनच घ्यावा, असं इंग्लंडला वाटे. कुठे काय बनतं याचे अहवाल तिथल्या सरकारने गव्हर्नरांकडून मागवले. १७६८ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने न्यू जर्सीच्या गव्हर्नरला, म्हणजे आपल्याच मुलाला, कळवलं: जाडीभरडी काच बनवणारी एक भट्टी आहे, एवढंच लिही. मुलानेही तसंच लिहिलं. हिरवट, ओबडधोबड, गरिबांच्या खिडक्यांपुरती काच, नफाही बेताचाच.

पुढच्याच वर्षी रिचर्डने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. त्यात खिडकीच्या काचा होत्या, बाटल्यांचे बहुतेक प्रकार होते. वर ठणकावून सांगितलं होतं, की माल अमेरिकी आहे, म्हणून इंग्लंडच्या त्या जाचक करातून मुक्त आहे. शिवाय वडिलांच्या पद्धतीची पितळी बटणं. सात वर्षांच्या हमीसह.