टॅरोच्या पानांना अर्थ कोणीं दिले?

टॅरो नव्यानें शिकूं पाहणाऱ्याच्या हातांत ७८ पानांचा एक जोड पडतो, आणि त्यासोबत अर्थांची एक लांबलचक यादी. मनोरा म्हणजे अकस्मात् कोसळणें, तारा म्हणजे आशा, तीन तलवारी म्हणजे हृदयभंग. शाळकरी मुलानें पाढे घोकावे तशी तो ती यादी घोकूं लागतो. आणि हें ज्ञान मिसर देशांतील पुरोहितांपासून चालत आलें आहे, असें त्यास बहुधा सांगितलेलें असतें. ही परंपरा किती जुनी, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

हीं पानें प्रथम दिसतात तीं पंधराव्या शतकांतील उत्तर इटलींत. १४४० च्या सुमाराच्या फ्लॉरेन्स व फेरारा येथील नोंदींत त्यांचा उल्लेख आहे. मिलानच्या राजघराण्यासाठीं सोन्याच्या वर्खावर रंगविलेलीं पानें न्यूयॉर्क व बेर्गामो येथें अद्यापि जपून ठेवलेलीं आहेत. पेले, नाणीं, तलवारी आणि दंड हे चार रंग मामलूक राजवटींतील पत्त्यांवरून आले. इटालियनांनीं त्यांत २२ चित्रांची भर घातली. त्यांपैकीं २१ म्हणजे कायमचे हुकूम, आणि एक वेडा. पोप, बादशहा, मृत्यु, दैवचक्र हीं त्या काळच्या माणसाच्या रोजच्या ओळखीचीं चित्रें. तीं समजण्यास त्याला पुस्तक लागत नव्हतें. सावंतवाडीच्या गंजिफांवर दशावतार रंगविलेले असतात, म्हणून त्या गंजिफांची पोथी होत नाहीं. त्या खेळावयाच्याच असतात. टॅरोहि खेळावयाचाच होता, आणि फ्रान्स व ऑस्ट्रिया या देशांत तो आजहि खेळला जातो.

मग मिसर आला कोठून? १७८१ मध्यें कूर द जेबलें या फ्रेंच पंडितानें आपल्या ग्रंथाच्या आठव्या खंडांत, हीं पानें म्हणजे प्राचीन मिसरी ज्ञानाचा ग्रंथ होय, असें ठोकून दिलें. हा खेळ चाललेला पाहून पाव तासांत आपणांस त्याचा उलगडा झाला, असें तो स्वतःच सांगतो! त्या वेळीं मिसरी चित्रलिपि जगांत कोणासहि वाचतां येत नव्हती. शांपोलियोंनें ती १८२२ मध्यें उलगडली, आणि तींत टॅरोचा मागमूसहि निघाला नाहीं. पण तोंवर कल्पना रुजली होती. १७८५ मध्यें आलिएत नांवाच्या पॅरिसच्या गृहस्थानें, आपलें आडनांव उलटें करून ‘एत्तेया’ या नांवानें, टॅरोवरून भविष्य सांगण्याचें पुस्तक काढलें, आणि पुढें स्वतःचीं पानेंहि छापलीं. पान सुलट पडलें तर एक अर्थ, उलट पडलें तर दुसरा, हें त्याच्या पानांवरच छापलेलें असे. त्यापूर्वींचें म्हणावें तर बोलोन्या येथें थोड्या पानांचे अर्थ टिपलेलें एक हस्तलिखित तेवढें मिळालें आहे, आणि तेंहि अठराव्या शतकांतलेंच. इंग्रज तत्त्वज्ञ मायकेल डमेट यानें १९८० मध्यें हा सारा पुरावा एकत्र मांडला.

आतां नवशिक्याच्या हातांतील जोडाकडे वळूं. तो बहुधा १९०९ मध्यें लंडनला निघालेल्या जोडाचा वंशज असतो. तत्पूर्वीं लहान पानांवर सहसा नुसतीं चिन्हें असत. सात पेले म्हणजे केवळ सात पेले. आर्थर वेट यानें योजना आखली, आणि पामेला कोलमन स्मिथ या एकतीस वर्षांच्या चित्रकर्तीनें पानोपानीं एकेक प्रसंग उभा केला. तीन तलवारींनीं विंधलेलें हृदय मात्र तिचें नव्हे. तें पंधराव्या शतकांतील एका इटालियन जोडांत आहे, आणि त्याचीं छायाचित्रें १९०७ पासून ब्रिटिश म्यूझियममध्यें होतीं. वेटनें ‘बल’ आणि ‘न्याय’ यांच्या क्रमांकांची अदलाबदल केली, तीच आज अनेक शिकाऊ अनादि म्हणून पाठ करतात. यादीपेक्षां चित्राकडे पाहून शिकणारा लवकर शिकतो, असें माझें मत आहे. पण मग तो वस्तुतः या बाईजवळच शिकत असतो.

काम मोठें आणि मोबदला अगदीं थोडा, असें तिनें त्याच वर्षीं एका पत्रांत लिहिलें होतें. जोड प्रसिद्ध झाला तो प्रकाशक रायडर व वेट यांच्या नांवानें. स्मिथ १९५१ मध्यें कॉर्नवॉलमधील ब्यूड या गांवीं दारिद्र्यांत वारली. बहुतेक पानांच्या कोपऱ्यांत तिच्या आद्याक्षरांची गुंतागुंतीची खूण मात्र आहे. पान डोळ्यांजवळ धरलें म्हणजे ती दिसते.